दोष आंतला कीं बाहेरचा?

हल्लींच्या मोटारगाडीच्या बोनेटखालीं, किंवा कधीं कधीं चालकाच्या पायाजवळील पत्र्यामागें, साधारण आपल्या इतिहासाच्या पुस्तकाएवढा एक चपटा डबा घट्ट बसविलेला असतो. एका बाजूनें शंभराच्या आसपास तारांचा जाड जुडगा येऊन त्यास मिळतो. याखेरीज त्याच्या अंगावर पाहण्यासारखें कांहींच नाहीं. गॅरेजमधील मंडळी त्यास ‘ईसीएम’ म्हणतात. विद्यार्थिमित्रांनीं त्यास इंजिनाचा कारभारी म्हटलें तरी चालेल. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असलें म्हणजे प्रत्येक सिलिंडरांत सेकंदास २५ वेळां, अर्थात् चोहोंत मिळून १०० वेळां, इंधनाचा फवारा उडावा लागतो. (हा हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा, दर दोन फेऱ्यांस एका सिलिंडरांत एक फवारा, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे.) प्रत्येक फवारा कोणत्या क्षणीं सुरू व्हावा आणि किती वेळ चालावा, हें ठरविण्याचें काम त्या डब्याचें.

हा कारभारी स्वतः कांहीं पाहत नाहीं कीं ऐकत नाहीं. इंजिन किती तापलें, हवा किती शिरली, इंधनाचा दाब किती आहे, चालकानें पेडल किती दाबलें, ही सारी बातमी त्यास ठिकठिकाणीं बसविलेल्या सेन्सरांकडून तारांच्या वाटेनें पोंचते. आणि त्याचे हुकूमही तारांच्याच वाटेनें बाहेर पडतात. तेव्हां गाडी बिघडली म्हणजे पहिला प्रश्न असा उभा राहतो कीं, कारभाऱ्याकडे बातमीच खोटी आली, कीं बातमी खरी असून कारभाऱ्याचेंच डोकें ठिकाणावर नाहीं? दोष बाहेरचा निघाला तर शें-दोनशें रुपयांची तार, किंवा फार तर दोन-तीन हजारांचा सेन्सर, एवढ्यावर भागतें. आंतला निघाला तर जुन्या गाडीच्या मालकास घाम फुटावा एवढी रक्कम लागते. या प्रश्नाचा निकाल कसा लावतात, तें गेल्या दिवाळीच्या सुटींत चार दिवस शेजारीं बसून पाहण्याचा योग मला आला.

माझे धाकटे बंधू प्रवासी गाडी चालवितात. आपल्या छत्रपती संभाजीनगरांत रेल्वेनें किंवा चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरलेल्या पाहुण्यांना दौलताबाद, वेरूळ व अजिंठा दाखवून आणणें हा त्यांचा व्यवसाय. सोमवारीं अजिंठा बंद, मंगळवारीं वेरूळ बंद, हेंच त्यांच्या घरचें पंचांग. दिवाळीपासून नाताळापर्यंत जी कमाई होते तिच्यावर उन्हाळ्याचे रिकामे महिने काढावयाचे असतात. गाडी कर्जाची आहे. हप्ता दर महिन्याच्या पांच तारखेस जातो. दोन मुली शिकत आहेत. ऐन हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत गाडीनें दगा देण्यास सुरुवात केली.

लक्षण मोठें चमत्कारिक होतें. सकाळीं गाडी उत्तम चाले. पाऊण तास झाला, दौलताबादचा किल्ला मागें पडून खुलताबादचा चढ लागला, कीं चालकासमोरील पिवळा दिवा पेटे, इंजिनाचा जोर ओसरे आणि शेवटीं तें बंद पडे. अर्धा-पाऊण तास झाडाखालीं उभी राहिली कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत गाडी पुनः सुरू! एके दिवशीं तींत परप्रांतांतून आलेलें एक वृद्ध जोडपें होतें. त्यांना उन्हांत तासभर तिष्ठावें लागलें. बंधूंनीं त्यांना दुसऱ्या गाडींत बसवून दिलें, भाडें परत केलें, आणि घरीं येऊन न जेवतां निजले.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका मोठ्या कार्यशाळेंत नेली. तेथील तरुणानें स्टिअरिंगखालच्या खोबणींत स्कॅनरची तार अडकविली. दोन मिनिटांत पडद्यावर ‘पी ०६०६’ अशीं अक्षरें उमटलीं. ‘डबा आंतून गेला आहे, नवा टाकावा लागेल,’ असें सांगून त्यानें ७२ हजार रुपयांचा अंदाज लिहून दिला. मीटर कोठें लावला नाहीं. एकही कपलर सोडून पाहिला नाहीं. असला स्कॅनर साधा असेल तर आतां पांचशें-हजार रुपयांतही मिळतो, आणि त्यामुळें कोड वाचणारे फार झाले आहेत.

या अक्षरांचा अर्थ समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. विजेच्या यंत्रणेनें इंधनाचा फवारा नियंत्रित करण्याची पद्धत रूढ झाली ती जर्मनींतील बॉश कंपनीमुळें. १९६७ सालीं फोक्सवागन १६०० या गाडीवर तिची यंत्रणा प्रथम आली. पुढें हवा दूषित होण्याचा प्रश्न तीव्र झाला तेव्हां अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें आग्रह धरला कीं, गाडीनें आपला दोष आपणच ओळखून लिहून ठेवावा. १९९६ पासून तेथील सर्व नव्या मोटारींना ही स्वयंपरीक्षा एकाच ठराविक पद्धतीनें सक्तीची झाली. आपल्या देशांत ती २०१० व २०१३ अशा दोन पायऱ्यांनीं आली. नोंदी सांकेतिक असतात. ‘पी’ हें अक्षर इंजिन व त्याची शक्ति चाकांकडे नेणारे भाग यांच्यासाठीं. पुढील अंक दोषाचे. ०६०१ म्हणजे डब्याच्या स्मृतींतील बेरीज जुळत नाहीं. ०६०४ म्हणजे त्याच्या तात्पुरत्या स्मृतींत बिघाड. आणि ०६०६ म्हणजे प्रोसेसरमध्यें दोष. हें वाचून कोणीही म्हणेल कीं, डबा स्वतःच कबुली देत आहे, मग साक्षीपुरावा आणखी कशास हवा?

परंतु डबा स्वतःची परीक्षा घेतो तरी कशी, हें पाहण्यासारखें आहे. बहुतेक नव्या डब्यांत मुख्य प्रोसेसरच्या शेजारीं एक स्वतंत्र पहारेकरी बसविलेला असतो. तो ठराविक काळानें मुख्य प्रोसेसरला प्रश्न घालतो. उत्तर बरोबर हवें आणि नेमल्या वेळींच हवें. आधीं नको कीं उशिरां नको. (आमच्या तोंडी परीक्षेहून ही परीक्षा बरीच कडक.) उत्तरें चुकूं लागलीं कीं पहारेकरी इंजिनाचा जोर आंवरतो, प्रसंगीं तें बंदही पाडतो, आणि दोष नोंदविला जातो. व्यवस्था उत्तम आहे. हल्लींच्या डिझेल गाडींत इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीडहजार पट असतो, आणि तो भ्रमिष्टाच्या हातीं राहूं देणें धोक्याचें. परंतु उत्तर चुकलेला प्रत्येक विद्यार्थी मंदबुद्धीच असतो असें नाहीं. कित्येकदां तो उपाशीं आलेला असतो. डब्याचें अन्न म्हणजे बॅटरीची वीज. ती क्षणभर अपुरी पडली तरी प्रोसेसर अडखळूं शकतो, आणि नोंद मात्र प्रोसेसरच्या नांवावर होते.

बंधूंच्या ओळखीनें आम्ही पैठण दरवाज्यापलीकडील एका बोळांत, मोटारींच्या विजेचें काम करणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलों. सारा मोहल्ला त्यांना उस्ताद म्हणतो. मीही तेंच म्हणूं लागलों. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, दारापुढें एक गाडी उभी राहील एवढी जागा, टेबलावर मीटर, टेस्ट लॅम्प, सोल्डरिंगचें सामान आणि एक भिंगाचा दिवा. ७२ हजारांचा कागद त्यांनीं चष्मा लावून संपूर्ण वाचला. ते हंसले नाहींत, कोणास नांवेंही ठेवलीं नाहींत. ‘‘सर, डब्यावर आळ घेणं सोपं असतं. आंत कुणी बघायला जात नाहीं,’’ एवढेंच म्हणाले आणि बोनेट उघडावयास सांगितलें.

त्यांची रीत पाहून मला आपल्या शहरांतील मलिक अंबराच्या नहरीची आठवण झाली. सतराव्या शतकाच्या आरंभीं बांधलेली ही नहर जमिनीखालून शहरांत पाणी आणीत असे, आणि तिच्या वाटेवर ठिकठिकाणीं उघडीं तोंडें राखलेलीं होतीं. अशा नहरींतून हौदास पाणी येईनासें झालें तर सारी जमीन खणण्याचें कारण नाहीं. एका तोंडाशीं पाणी आहे आणि पुढच्या तोंडाशीं नाहीं, एवढें कळलें कीं फूट त्या दोहोंच्या मध्येंच असली पाहिजे. उस्तादांनीं विजेची वाट अशीच एकेका तोंडाशीं तपासली. स्टार्टर फिरत असतांना बॅटरीच्या टोकांवर १०.४ व्होल्ट मिळाले. त्याच क्षणीं डब्याच्या कपलरपाशीं ८.७. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेंत कोठें तरी सांडत होते.

येथें त्यांनीं एक गोष्ट सांगितली ती आमच्या प्रयोगशाळेंतील मुलांस मी मुद्दाम सांगणार आहें. गाडी बंद ठेवून तारांचा रोध मोजला तर बहुतेक तारा निर्दोष दिसतात. कारण मीटर जो प्रवाह सोडतो तो नाममात्र. दोरखंडाचा एकच धागा शिल्लक असला तरी रिकामी बादली वर येते; भरली बादली लावल्यावर दोर तुटतो. म्हणून तार जोखावयाची ती तिच्यावर ओझें असतांनाच. पुस्तकांतील ओहमचा नियम आम्ही वर्षानुवर्षें शिकवितों. परंतु प्रवाह वाढला कीं लहानशा रोधावरही दाब किती सांडतो, हें एवढ्या स्पष्टपणें फळ्यावर दाखवितां येत नाहीं.

फूट सांपडली ती बॅटरीच्या ऋण टोकापासून गाडीच्या सांगाड्यास जाणाऱ्या विणलेल्या पट्ट्यांत. बोल्टाखालीं गंज चढला होता, आणि पट्ट्याच्या निम्म्याहून अधिक तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या. या वाटेवर प्रवाह चालू असतां एक-दोन दशांश व्होल्टांहून अधिक सांड नसावी. येथें दीड व्होल्ट सांडत होते. नवा पट्टा बसविला, पत्रा घांसून चकचकीत केला, कोड पुसून टाकला. मग गाडी वीस वेळां बंद करून सुरू केली. ‘पी ०६०६’ पुनः उमटला नाहीं. ज्या अक्षरांवरून डब्यास मृत ठरविलें होतें, तीं अक्षरें एका पट्ट्यानें नाहींशीं झालीं.

बंधूंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनीं तेज आलें! त्यांनीं पाकीट काढलें. उस्ताद म्हणाले, ‘‘पैसे राहूं द्या. ही गाडी अजून तापली कुठं आहे?’’

दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिघे मिळून खुलताबादच्या वाटेला लागलों. उस्ताद पुढें बसले. मांडीवर मीटर, आणि त्याच्या तारा बोनेटखालून खिडकींतून आंत घेतलेल्या. दौलताबाद मागें पडलें, चढ सुरू झाला, आणि नेहमींच्याच वळणापाशीं पिवळा दिवा लागला. बंधूंनीं कपाळाला हात लावला. उस्तादांना मात्र आनंद झाल्यासारखा दिसला. दोष समोर आला म्हणजे वैद्यास बरें वाटतें, तसला तो आनंद असावा.

या वेळीं ‘पी ०६०६’ नव्हता. त्याच्या जागीं तीन निराळे कोड होते. ०१९२, म्हणजे इंधनाच्या दाबाच्या सेन्सरची बातमी नको तितकी खालीं. ०१०७, म्हणजे इंजिनांत शिरणाऱ्या हवेच्या दाबाच्या सेन्सरची बातमी तशीच खालीं. आणि ०६४१, म्हणजे सेन्सरांस पुरविल्या जाणाऱ्या दाबांत दोष. घाई करणाऱ्यानें दोन नवे सेन्सर घेतले असते आणि गाडी पुनः त्याच वळणावर उभी राहिली असती. वसतिगृहांतील दोन मुलांचें एकाच रात्रीं पोट दुखूं लागलें तर आपण दोन निरनिराळे रोग शोधीत बसत नाहीं. रात्रीं दोघांनीं काय खाल्लें तें विचारतों. या दोन सेन्सरांचें जेवण एका ताटांतलें होतें. डबा बॅटरीच्या बारा व्होल्टांतून बरोबर पांच व्होल्ट तयार करतो आणि ते एका तारेनें दोघांसही देतो. सेन्सर त्या पांचांतून आपल्या मापाप्रमाणें कांहीं भाग परत पाठवितो. पांचच पांच राहिले नाहींत तर परत येणारी प्रत्येक बातमी खोटी. गजच आंखडला तर कापड कितीही मोजा! मांडीवरच्या मीटरवर त्या क्षणीं ३.४ व्होल्ट होते, आणि आंकडा थरथरत होता.

आतां संशयित तीन: सेन्सर, तार आणि डबा. कोणी तरी हे पांच व्होल्ट खालीं ओढीत होता, किंवा डब्यालाच ते देववत नव्हते. रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या उस्तादांनीं एका सेन्सरचा कपलर काढला; आंकडा किंचित् हलला, पांचाकडे गेला नाहीं. तो बसवून दुसऱ्याचा काढला, तेंच. सेन्सर दोघेही सुटले. तारेची पाळी दुकानांत आली. डब्याच्या कपलरमधून ती एकच पिन त्यांनीं अलगद बाहेर काढली, म्हणजे सबंध वायरिंगचा त्या वाटेशीं संबंध उरला नाहीं. डब्याच्या रिकाम्या पायावर त्यांनीं एक लहान रोधक लावला. दोन सेन्सर मिळून जेवढा प्रवाह घेतात तेवढाच तो घेणार. ओझ्यावांचून परीक्षा घ्यावयाची नाहीं, हा त्यांचा नियम येथेंही सुटला नाहीं.

थंड डबा बिनचूक पांच व्होल्ट देत होता. मग माझ्या भावजयीचें केस वाळविण्याचें यंत्र मागवून डब्यावर कोमट वारा सोडण्यांत आला. बोनेटखालीं तो रोज जेवढा तापतो त्याहून अधिक तापूं नये म्हणून उस्ताद मधून मधून तळहात लावून पाहत होते. दहा-बारा मिनिटांनीं पांचाचे ४.९ झाले, मग ४.२, मग ३.३. त्याच वेळीं डब्यास मिळणारी वीज १२.३ व्होल्ट होती आणि अर्थिंगच्या बाजूनें सांड अवघी दोन शतांश. पंखा लावून डबा निवविला. पांच परत आले. तीन वेळां तापविला, तीन वेळां निवविला. तिन्ही वेळां तेंच. तेव्हां कोठें उस्तादांनीं मीटर खालीं ठेवला आणि म्हणाले, ‘‘आतां म्हणा, दोष डब्याच्या आंत आहे.’’

बंधू मोठ्यानें हंसले. ‘‘दादा, मग त्या लोकांनीं पहिल्या दिवशीं सांगितलं तेंच खरं निघालं कीं! आपण चार दिवस कशाला घालवले?’’

प्रश्न रास्त होता, आणि शिक्षकास तो रोजचाच आहे. मुलाच्या उत्तरपत्रिकेंत शेवटचा आंकडा बरोबर असतो. वरच्या पायऱ्या मात्र मुळींच नसतात, किंवा असतात त्या चुकीच्या. तो मुलगा गुणांसाठीं वाद घालतो, आणि कधीं कधीं त्याचे पालकही येऊन घालतात, कीं उत्तर तर जुळलें ना? मीं बंधूंना एवढेंच विचारलें कीं, त्या दिवशीं ७२ हजार मोजून नवा डबा बसविला असता तर तुटक्या पट्ट्यांतून त्या नव्या डब्याला सकाळीं किती व्होल्ट मिळाले असते? तेच ८.७. नव्या डब्यानेंही ‘पी ०६०६’ लिहिला असता, आणि मग कोणास दोष द्यावयाचा होता? शिवाय त्यांनीं जो दोष सांगितला तो प्रोसेसरचा. निघाला तो पांच व्होल्टांच्या वाटेचा. दोन्ही एकाच डब्यांत राहतात एवढ्यावरून उत्तर जुळलें असें म्हणावयाचें असेल तर शहर बरोबर आणि घर चूक अशा पत्त्यावर टाकलेलें पत्रही बरोबरच म्हणावें लागेल. बंधूंना हें सारें पटलें असें मी म्हणत नाहीं. ‘‘तुम्ही मास्तर लोक!’’ असें म्हणून ते चहा सांगावयास गेले. ज्याचे चार दिवसांचे चार प्रवास बुडाले त्यानें असें म्हणावें यांत नवल नाहीं.

चहा घेतां घेतां त्यांनीं दुसरी एक युक्ति काढली: भंगारांतून तसलाच जुना डबा मिळाला तर? उस्तादांनीं मान हलविली. डब्याच्या स्मृतींत त्या गाडीच्या किल्लीची सांकेतिक ओळख असते. दुसऱ्या गाडीचा डबा आणून जोडला तर तो या किल्लीस ओळखीत नाहीं आणि इंजिन सुरू होऊं देत नाहीं. चोरापासून संरक्षण म्हणून केलेली ही योजना गरीब मालकाच्याही आड येते. तेव्हां जो डबा आहे तोच बरा करणें, हाच मार्ग उरला.

झांकण चिकट द्रव्यानें बंद केलेलें होतें. तें हळूहळू ऊन करून, पातळ पात्यानें कडेकडेनें सोडविण्यांत तास गेला. आंत हिरव्या फळीवर तांदळाच्या कणीहून बारीक भाग दाटीवाटीनें बसलेले, आणि सगळ्यांवर दमटपणापासून रक्षणासाठीं पारदर्शक लेप. पांच व्होल्ट तयार करणाऱ्या भागापाशींचा लेप उस्तादांनीं कापसाच्या बोळ्यानें पुसला, भिंगाचा दिवा वर ओढला आणि मला म्हणाले, ‘‘बघा, सर.’’ प्रथम मला कांहींच दिसलें नाहीं. दिवा थोडा तिरपा केल्यावर, ज्या पायांतून वीज आंत येते त्या पायाभोंवतीं, डाकाच्या चकाकत्या टेंकाडावर केसाहून बारीक अशी एक काळी रेषा गोल फिरलेली दिसली. ७२ हजारांचा दोष तो एवढा! आंतील दुसऱ्याही कांहीं भागांस त्याच पायांतून वीज जात असल्यामुळें बाहेरचे सेन्सर काढून फरक पडत नव्हता.

अशी भेग कां पडते, हें आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतच आहे. तांबें एका अंशानें तापलें तर दर दहा लाख भागांस सुमारें १७ भाग वाढतें. सिलिकॉन अवघें तीन भागांच्या आसपास. आणि फळीचें द्रव्य जाडीच्या दिशेनें तांब्याहूनही पुष्कळ अधिक. हे सारे एकमेकांस डाकानें जखडलेले. आपल्याकडे वैशाखांत हवाच ४० अंशांच्या वर जाते. बोनेटखालची गोष्ट बोलावयास नको. गाडी तापली कीं प्रत्येक जण आपापल्या मापानें ताणतो, निवली कीं आंखडतो, आणि मधल्या मऊ डाकाची ओढाताण होते. आठ-नऊ वर्षांत असे कित्येक हजार हेलकावे झाले म्हणजे डाक थकतो. थंड असतां भेगेचे दोन्ही ओठ मिटलेले असतात म्हणून गाडी सकाळीं चालते; तापली कीं ते विलग होतात. पाऊण तासाचें कोडें तें हें.

जुना डाक काढून उस्तादांनीं नवा घातला. तो पांच व्होल्टांचा भागही बदलला, कारण इतके दिवस अर्धपोटीं चाललेल्याचा भरंवसा धरूं नये असें त्यांचें मत. शेजारच्या सर्व पायांवरून भिंग फिरविलें. मग पुनः लेप, पुनः झांकण, आणि पुनः तीन वेळां तापविणें व निवविणें. चौथ्या दिवशीं गाडी खुलताबाद ओलांडून वेरूळपर्यंत गेली आणि न थांबतां परत आली. पट्टा धरून एकंदर बिल साडेपांच हजार झालें. पुढील हप्ता पांच तारखेस वेळेवर गेला, हें पालकवर्गास कळविण्यास हरकत नाहीं.

प्रत्येक डबा असा बरा होतो असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. कांहीं डबे मऊ रसानें भरून टाकलेले असतात. प्रोसेसरची कायम स्मृतीच पुसली गेली तर डाक तिथें काय करणार? आम्ही तेथें असतांनाच एक गृहस्थ एअरबॅगचा डबा घेऊन आले. उस्तादांनीं तो हातांतही घेतला नाहीं. इंजिन बंद पडलें तर गाडी थांबते; ब्रेकचा किंवा एअरबॅगचा डबा ऐन वेळीं चुकला तर माणूस जातो; ते दोन डबे या दुकानांत उघडले जात नाहींत, असें त्यांनीं साफ सांगितलें. गृहस्थ दुप्पट पैसे देऊं लागले, तेव्हां त्यांना चहा पाजून परत पाठविलें.

आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकीं कित्येकांचा या विषयाशीं उद्यां संबंध येईल. हें शहर औरंगाबाद या नांवानें ओळखलें जात होतें तेव्हांच, १९८५ सालीं, बजाज ऑटोचा कारखाना वाळूज येथें सुरू झाला. २००१ पासून शेंद्र्यास स्कोडाच्या मोटारींची जोडणी होऊं लागली. आणि त्यांच्या आसऱ्यानें सुटे भाग करणारे लहानमोठे कितीतरी कारखाने उभे राहिले. १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यावर तर दुचाकींतही कार्बुरेटर जाऊन बहुतेक ठिकाणीं लहानसा नियंत्रक डबा आला. म्हणजे ज्या मुलाच्या घरीं मोटार नाहीं त्याच्या वडिलांच्या दुचाकीच्या पोटांतही हा कारभारी बसलेला असण्याचा संभव आहे.

डबा गाडींत परत बसविण्यापूर्वीं उस्तादांनीं एक गोष्ट केली ती मीं जवळून पाहिली. झांकणाच्या मागच्या अंगास त्यांनीं काळ्या शाईच्या पेनानें बारीक अक्षरांत तारीख घातली, कोणत्या पायाचा डाक बदलला, कोणता भाग नवा घातला, तें लिहिलें, आणि खालीं दुकानाचें नांव टाकलें नाहीं. कोणासाठीं लिहितां, असें मीं विचारलें. ‘‘पुढं जो कुणी हा उघडेल त्याच्यासाठीं,’’ ते म्हणाले, आणि स्क्रू आंवळूं लागले.